पेंड वाढवली, दूध का नाही वाढलं? : गोठ्याचे प्रश्न आणि उत्तरं

या खेपेला आलेल्या मेसेजांत बघितलं तर अर्ध्याहून जास्त प्रश्न प्रोटीनचेच होते, कुणी पेंडीबद्दल विचारतंय, कुणी गोठ्याच्या वासाबद्दल, एका बाईंना तर गायच नाही पण शेजारच्या गोठ्याने त्यांची झोप उडवलीय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून हे सगळे एकत्र घेतोय.

प्रश्न : माझ्याकडे पाच गायी, जर्सी आणि एचएफ (होल्स्टीन) क्रॉस, दहा-दहा लिटरच्या, वजनाने ४०० किलोच्या आसपास. खाद्य विकणाऱ्याने सांगितलं प्रोटीन वाढव दूध वाढेल, म्हणून प्रत्येकीला रोज १ किलो शेंगदाणा पेंड जास्तीची चालू केली. सुरवातीला थोडं वाढल्यासारखं वाटलं, मग परत होतं तिथंच. वर सकाळी गोठ्यात शिरलं की डोळे चुरचुरतात. बाकी खाद्य म्हणजे ६ किलो कांडी, १५ किलो हायब्रीड नेपियर गवत, ४ किलो पेंढा. चुकतंय कुठं? (सत्तरी)

उत्तर : भाऊ, आधी तुमचे आभार, की किलोसकट लिहिलंत. बहुतेकजण "चांगलं खाद्य घालतो" एवढंच लिहितात आणि मग आम्ही कपाळ सांगणार.

आता तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. कांडीत, म्हणजे पिशवीतल्या तयार खाद्यात, साधारण २० टक्के प्रोटीन धरा, ६ किलोतून १२०० ग्रॅम आलं. शेंगदाणा पेंडीत चाळीसच्या वर असतं, १ किलोतून ४२० ग्रॅम धरू. नेपियर १५ किलो दिसायला ढीग दिसतो पण त्यात पाचातले चार हिस्से पाणी, सुका माल ३ किलोच, त्यातून २४० ग्रॅम. पेंढ्यात जेमतेम साडेतीन टक्के, म्हणजे १४० ग्रॅम. बेरीज झाली २ किलो प्रोटीन, रोज, एका गायीला.

आणि गरज किती? ४०० किलोच्या गायीला नुसतं उभं राहायला, श्वास घ्यायला, अंग सांभाळायला ३२० ग्रॅमच्या आसपास लागतं, आणि ४ फॅटच्या दुधाला लिटरमागे ९० ग्रॅम. दहा लिटरचे ९०० झाले. एकूण सव्वा किलो, हात सैल सोडला तरी १३०० ग्रॅम. म्हणजे रोज ७०० ग्रॅम प्रोटीन तुम्ही जास्तीचं घालताय आणि त्यातलं एक लिटरसुद्धा दूध होत नाहीये.

मग ते जातं कुठं, तर मुतात. स्पष्टच लिहितो कारण यातच सगळी गोम आहे. गायीच्या पोटाची पहिली मोठी थैली, रुमेन, तिथं अब्जावधी जंतू असतात आणि आपण घातलेलं बरंचसं प्रोटीन हे जंतू फोडतात, त्याचा अमोनिया करतात, आणि त्या अमोनियापासून स्वतःचं शरीर बनवतात. पुढच्या आतड्यात गाय हेच जंतू पचवते, दुधातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन असं जंतूंच्या वाटेने येतं. पण जंतूंना अमोनिया वापरायला सोबत ताकद लागते, म्हणजे स्टार्च, साखर, पचणारा चारा. ती नसेल तर नुसता अमोनिया म्हणजे अंगणात चिऱ्यांचा ट्रक रिकामा केलाय आणि गवंडीच आला नाही. उरलेला अमोनिया रक्तात जातो, तो विषारी म्हणून लिव्हर त्याचा युरिया करतं, त्या कामात गायीची आणखी ताकद खर्च होते, आणि युरिया मुतावाटे बाहेर. शेंगदाणा पेंड तर रुमेनमध्ये फार पटकन फुटते, त्यामुळे एकदम अमोनिया होतो आणि एकदम वाया जातो.

डोळे चुरचुरण्याचं कारणही तेच. ताज्या मुतातल्या युरियाला वास नसतो, पण शेणातल्या जंतूंकडे युरिएज नावाचं एन्झाइम असतं, शेण-मूत एकत्र झालं की काही तासांत युरियाचा परत अमोनिया आणि तो हवेत. रात्रभर बंद गोठ्यात साठतो, सकाळी तुमच्या डोळ्यात जातो. तुम्ही दार उघडून बाहेर तरी येता, गाय आणि वासरं तिथंच बांधलेली असतात, त्यांच्या फुफ्फुसाचं काय ते बघा.

अजून एक हिशोब, हा मात्र मनाला लागणारा आहे. प्रोटीनमध्ये १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून प्रोटीनला ६.२५ ने भागलं की नायट्रोजन मिळतो. तुमची गाय रोज ३२० ग्रॅम नायट्रोजन खाते आणि दहा लिटर दुधातून ५२-५३ ग्रॅम बाहेर देते, शंभरातले सोळा-सतरा. चांगल्या सांभाळलेल्या गोठ्यांत हे प्रमाण २५ ते ३० च्या घरात असतं, त्याच्या फार वर कुणाचंच जात नाही, कारण गाय ही गाय आहे. पण जास्तीच्या ७०० ग्रॅम प्रोटीनमधला ११२ ग्रॅम नायट्रोजन वर्षभर असाच गेला तर ४१ किलो होतो, म्हणजे ४५ किलोवाल्या युरियाच्या दोन गोणी. पाच गायींच्या दहा गोणी. दुकानातून युरियाच्या दहा गोण्या आणून गटारात ओतल्या तर घरचे काय म्हणतील, आणि इथं तर तुम्ही युरियाच्या नाही, शेंगदाणा पेंडीच्या भावाने ओतताय.

करायचं काय, तर ती १ किलो पेंड बंद, कांडी ६ वरून ५, आणि त्या जागी १ किलो मका भरडा, नाहीतर तांदळाची कणी मिळत असेल तर ती. प्रोटीन मग १४५०-१४७० ग्रॅमवर येतं, तरीही गरजेपेक्षा थोडं वरच. एका दिवसात बदलू नका, आठ-दहा दिवसांत हळूहळू, रुमेनच्या जंतूंना सवय लागायला वेळ लागतो, आणि भरडा एकदम जास्त घातला तर पोटात आम्ल होऊन वेगळीच आफत. मिनरल मिक्श्चर चालू ठेवा. दूध रोज लिहून ठेवा, उतरलं तर थांबा.

एक मात्र लक्षात असू द्या, हे दहा लिटरच्या गायीचं गणित आहे. नुकती व्यालेली, वीस लिटरच्या वर चाललेली गाय असेल तर पहिले दोन-तीन महिने तिला एकूण खाद्यात १६-१७ टक्के प्रोटीन लागतं, तिथं कात्री लावलीत तर दूध पडेल आणि शिव्या मला बसतील. त्याच्या वर मात्र मोठ्या गायींनाही फायदा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ३५ किलोच्या वर दूध देणाऱ्या गायींना साडेतेरापासून सव्वाएकोणीस टक्क्यांच्याही थोडं वरपर्यंत प्रोटीन घालून बघितलं, २००६ साली ते छापून आलं, साडेसोळाच्या पुढे दूध वाढायचं थांबलं आणि मुतातला नायट्रोजन तेवढा वाढत गेला. पस्तीस किलोवाल्यांची ही गोष्ट, मग आपली दहा लिटरवाली काय करणार सांगा.

प्रश्न : सोसायटीत आमच्या दुधात युरिया निघाला म्हणून दूध परत पाठवलं. आम्ही दुधात पाण्याचा थेंब घालत नाही, युरिया तर लांबच. गावात नाव खराब झालं. खाद्यातून युरिया दुधात येतो का? पावसात हिरवं गवत भरपूर घातलं होतं, शेण पण पातळ होतं. (डिचोली)

उत्तर : येतो. प्रत्येक गायीच्या दुधात थोडा युरिया निसर्गतः असतोच, कारण वर लिहिलं तसा लिव्हरने बनवलेला युरिया रक्तात फिरतो आणि रक्तातून दुधात सहज उतरतो. साधारण १०० मिलीत २०-३० मिलिग्रॅम. पावसात कोवळं लुसलुशीत गवत असतं, त्यात लगेच फुटणारं प्रोटीन जास्त आणि ताकद कमी, वरून पेंड चालूच, मग हा आकडा ४०-५० पर्यंत सरकू शकतो. पातळ शेण हेही त्याचंच लक्षण असू शकतं, अर्थात जंत आणि बाकी कारणंही असतात, ती डॉक्टरांकडून तपासून घ्या.

आता तुमच्या बाजूची गोष्ट आणि तुमच्या विरुद्धची, दोन्ही सांगतो. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, दुधातल्या युरियाला ७०० पीपीएमची मर्यादा घातलीय, म्हणजे १०० मिलीत ७० मिलिग्रॅम. ही मर्यादा मुद्दाम अशी सैल आहे की नुसत्या खाद्याने ती ओलांडणं फार अवघड. त्यामुळे आकड्यात मोजून ७०० च्या खूप वर आलं असेल तर "गवतामुळे" हे कुणी ऐकणार नाही. पण सोसायटीच्या टेबलावर बहुतेक ठिकाणी आकडा मोजतच नाहीत, डीएमएबी नावाचं रसायन घालून रंग बघतात, आणि त्यात चांगल्या दुधालासुद्धा फिकट पिवळा रंग येतोच. गडद पिवळा आला तर भेसळीचा संशय. फिकट आणि गडद यांच्या मधलं ठरवणार कोण, तर सकाळच्या घाईत उभा असलेला माणूस, ट्यूबलाइटच्या उजेडात. म्हणून भांडू नका, लेखी मागा की नमुना लॅबमध्ये पाठवून आकड्यात रिपोर्ट द्या, आणि त्यासोबत तुमच्याच गोठ्यात सोसायटीच्या माणसासमोर काढलेल्या दुधाचाही नमुना जाऊ द्या. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले तर विषय संपला.

आणि आकडा हातात आला की तो फाडून टाकू नका, खाद्य तपासायला याच्याइतकी स्वस्त गोष्ट नाही. लॅबवाले कधी युरिया लिहितात कधी नुसता युरिया नायट्रोजन, ज्याला एमयूएन म्हणतात, दोन्हीत गोंधळ करू नका, एमयूएनला २.१४ ने गुणलं की युरिया. एमयूएन १०० मिलीत ८ ते १४ मिलिग्रॅम असेल तर ठीक चाललंय समजा. त्याच्या खाली गेलं तर प्रोटीन कमी पडतंय, सोळा-अठराच्या वर गेलं तर पेंड वाया जातेय. कॉर्नेल विद्यापीठातल्या लोकांनी १९९६ साली दाखवलं होतं की हा आकडा १९ च्या वर गेला की गायी गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं. तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्याकडे पावसात भरवलेल्या गायी उलटत असतील, म्हणजे गाभण न राहता परत माजावर येत असतील, तर हेही एक कारण धरून चला. एका गायीच्या एका नमुन्यावर जाऊ नका, खाल्ल्यानंतर काही तासांनी युरिया चढतो आणि मग उतरतो, चार-पाच गायींचा मिळून बघा.

पावसात उपाय सोपा आहे, कोवळं गवत कापून लगेच न घालता थोडं सुकवा, आधी पेंढा मग गवत, आणि त्या तीन महिन्यांत पेंड कमी, भरडा जास्त. आपल्याकडे उलटं करतात, जूनमध्ये हिरवं आलं म्हणून पेंढा बंद करतात.

प्रश्न : आमच्या विहिरीपासून वीसेक पावलांवर शेजाऱ्यांचा गोठा आहे, वरच्या अंगाला. शेणाचा ढीग उघडाच. पावसात सगळं पाणी आमच्याकडे उतरतं. घरात पाच महिन्यांचं नातवंड आहे. पाणी उकळून पितो. पुरे आहे का? (फोंडा)

उत्तर : काकी, जंतूंसाठी पुरे आहे, नायट्रेटसाठी नाही. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की तेवढाच नायट्रेट कमी पाण्यात राहतो. म्हणून पहिलं काम, विहिरीचं पाणी नायट्रेटसाठी तपासून घ्या, आणि रिपोर्ट येईपर्यंत बाळाची दुधाची पावडर, पेज, जे काही पाण्यात करत असाल ते नळाच्या नाहीतर बाटलीच्या पाण्यात करा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा आहे, आणि त्यात सूट नाही. मोठ्या माणसाला थोडं इकडेतिकडे झालं तर लगेच काही होत नाही, पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात नायट्रेटमुळे ऑक्सिजन वाहायची ताकद कमी होते, बाळ निळसर पडतं. घाबरवायला नाही लिहीत, पण बाळ पाच महिन्यांचं आहे म्हणून आधी हेच लिहिलं.

आता हे होतं कसं. वर सत्तरीच्या भाऊंना जे सांगितलं तो नायट्रोजन अर्धा हवेत गेला तरी उरलेला जमिनीत मुरतो, मातीतले जंतू त्याचा नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मातीला चिकटून राहत नाही, पाण्यासोबत खाली जातो. आपल्याकडे गोव्यात खाली काय, तर चिरा, म्हणजे जांभा दगड. भोकाभोकांचा, पाणी झरझर खाली सोडणारा. त्यावर ३००० मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. वर्षभर साठलेला उघडा ढीग पहिल्या दोन-तीन पावसांतच धुऊन निघतो. मला यातली सगळ्यात विचित्र गोष्ट ही वाटते की आपली पेंड, सोयाबीन, मका जवळपास सगळं घाटावरून ट्रकने येतं, म्हणजे कुठल्यातरी मध्य प्रदेशातल्या नाहीतर गुजरातच्या शेतातला नायट्रोजन गाडीभाडं देऊन आपण गोव्यात आणतो आणि आपल्याच विहिरीत सोडतो.

पण शेजाऱ्यावर लगेच बोट ठेवू नका. तुमचाच सेप्टिक टँक विहिरीपासून किती लांब आहे ते आधी बघा, नायट्रेट तिथूनही येतो, कुळागरात टाकलेल्या रासायनिक खतातूनही येतो. रिपोर्टमध्ये कोलिफॉर्मही (शेण-मैल्यातून येणारे जंतू) तपासायला सांगा.

शेजाऱ्यांशी बोलायचं तर रिपोर्ट घेऊन, आणि त्यांच्या फायद्याचं बोला. शेणखड्ड्यावर छप्पर, साधे पत्रे नाहीतर झावळ्या, तळाला सिमेंट, आणि गोठ्याला उतार देऊन मुताचं गटार वेगळ्या टाकीत. शेण आणि मूत लवकर वेगळं झालं की अमोनियाही कमी उडतो, वास कमी, आणि टाकीतलं मूत पाणी घालून पोफळींना, नारळाला थोडं थोडं देता येतं. बायोगॅस असेल तर उत्तम, पण एक गैरसमज आहे तो काढा, बायोगॅसमध्ये नायट्रोजन संपत नाही, गॅस निघून जातो आणि नायट्रोजन सगळा स्लरीतच राहतो, ती स्लरी भर पावसात सोडली तर परत तेच. कुळागरात टाकायची तर पाऊस ओसरल्यावर, थोडी थोडी.

प्रश्न : कॉलेजात प्रोजेक्ट आहे. गायीच्या ढेकरातून मिथेन निघतो हे माहितीय. प्रोटीन कमी केलं तर मिथेन कमी होतो का? आणि हॉलंडमध्ये गायींवरून शेतकरी रस्त्यावर आले तसं इथं होईल का? (मडगाव)

उत्तर : मिथेनवर प्रोटीनचा फारसा परिणाम नाही. मिथेन होतो तो चाऱ्यातले तंतू रुमेनमध्ये कुजताना, म्हणून पेंढ्यावर असलेली दोन लिटरची गाय लिटरमागे जास्त मिथेन सोडते आणि चांगल्या चाऱ्यावरची दहा लिटरची कमी. प्रोटीनचं पाप वेगळं, त्याचं नाव नायट्रस ऑक्साइड. मुतातला आणि शेणातला नायट्रोजन मातीत बदलत जाताना थोडासा या वायूच्या रूपात निसटतो, प्रमाण थोडं पण शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो, मिथेन सत्तावीस पट. शिवाय गोठ्यातून उडालेला अमोनिया कुठंतरी पावसाबरोबर खाली पडतोच, तिथून परत थोडा नायट्रस ऑक्साइड. प्रोजेक्टमध्ये हे दोन रस्ते वेगळे दाखवलेस तर मार्क मिळतील, बहुतेक मुलं सगळं मिथेनच्या डोक्यावर टाकतात.

हॉलंडचं प्रकरण मिथेनचं नव्हतंच, याच अमोनियाचं होतं. गोठ्यांतून उडालेला नायट्रोजन तिथल्या संरक्षित जंगलांवर, पाणथळींवर पडतो आणि तिथल्या नाजूक वनस्पती मरतात, म्हणून २०१९ च्या मे महिन्यात तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय कोर्टाने सरकारची परवाना देण्याची पद्धतच रद्द केली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये घुसले. त्या एवढ्याशा देशात सोळा लाखांच्या आसपास दुभत्या गायी आहेत, बहुतेकींना बाहेरून आणलेलं खाद्य. गोव्यात तेवढं दूधच होत नाही, आपलं बरंचसं दूध महाराष्ट्र-कर्नाटकातून येतं. तेव्हा तसं इथं होईल असं मला वाटत नाही. आपल्याकडे प्रश्न राज्याचा नाही, एकेका वाड्याचा आहे, एका विहिरीचा, एका ओहोळाचा. पण त्यांच्याकडून एक गोष्ट उचलण्यासारखी, तिथं दुधातला युरिया नियमित मोजतात आणि शेतकऱ्याला कळवतात. आपल्याकडे फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) सोडून कुणी तिसरा आकडा विचारत नाही.

प्रश्न : शेंगदाणा पेंड महाग, खोबऱ्याची पेंड देऊ का? आणि बिअरच्या कारखान्यातला ओला चोथा मिळतो, तो चालतो का? पिशवीवर २२ टक्के लिहिलेली कांडी १८ वाल्यापेक्षा चांगलीच ना? (पेडणे)

उत्तर : खोबऱ्याची पेंड जरूर द्या, आपल्या हवेत मी तर तिलाच झुकतं माप देईन. प्रोटीन शेंगदाण्याच्या निम्मं, वीस-बावीस टक्के, पण ते रुमेनमध्ये हळू फुटतं, बराच भाग पुढे आतड्यापर्यंत पोचतो, म्हणजे कमी वाया जातं. घाण्याची पेंड असेल तर तेलही असतं, ताकद मिळते, फक्त ताजी घ्या, खवट झाली की गाय तोंड फिरवते. शेंगदाणा पेंडीची आणखी एक भीती म्हणजे बुरशी. कोकणपट्टीच्या दमटीत ती पटकन धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन गायीच्या शरीरात बदलून दुधात उतरतं, आणि ते उकळून जात नाही. काळी-हिरवी झाक दिसली की ती पेंड जनावराला नाहीच, उन्हात वाळवूनसुद्धा नाही.

ओला चोथा चांगला, सुक्या हिशोबाने पंचवीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, पण त्यात चारातले तीन हिस्से पाणी आहे, तेव्हा ट्रकचं भाडं धरून भाव काढा. दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच आणा, आंबला तर नको. आणि चोथा चालू केला की दुसरीकडून पेंड कमी करा, लोक वरून वाढवत जातात, तिथंच घोळ होतो.

पिशवीवरच्या २२ बद्दल. बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोच्या, मानकात पशुखाद्याचे प्रकार आहेत, एकाला किमान २२, दुसऱ्याला २०, पण ते क्रूड प्रोटीन आहे, आणि क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन मोजून ६.२५ ने गुणलेलं. नायट्रोजन पेंडीतून आला की युरियातून आला हे त्या आकड्यात कळत नाही. खाद्यात ठरावीक मर्यादेत युरिया घालायला परवानगी आहे, त्यात बेकायदेशीर काही नाही, पण २२ आकडा बघून जास्त पैसे देताना पिशवीवर युरियाबद्दल काय लिहिलंय ते वाचा. पाच-सात लिटरच्या गायीला हिरवा चारा चांगला असेल तर १८ वाली पुष्कळ झाली.

प्रश्न : आमच्या गावठी गायी आहेत, पांढऱ्या, दोन-अडीच लिटरच्या. दिवसा चरायला सोडतो, रात्री पेंढा. प्रोटीन जास्त झालं तर नुकसान असं ऐकून आम्ही होती ती मूठभर पेंडही बंद केली. एप्रिल-मेमध्ये फार वाळतात. (केपे)

उत्तर : अहो बंद कशाला केलीत! वरचं सगळं ज्यांच्या गव्हाणीत जास्त पडतंय त्यांच्यासाठी आहे. तुमच्या गायींचं दुखणं बरोबर उलटं. या तुमच्या पांढऱ्या गायी बहुतेक श्वेतकपिला असतील, गोव्याची स्वतःची नोंदणी झालेली गावठी जात, काटक आहे, थोडक्यात भागवते, पण एप्रिलच्या सड्यावर तिलाही काय मिळणार. खाद्यात प्रोटीन सात टक्क्यांच्या खाली गेलं की रुमेनमधल्या जंतूंचीच उपासमार होते, ते पेंढा पचवू शकत नाहीत, पोट भरलेलं राहतं आणि गाय आतून उपाशी. पेंढा साडेतीन टक्क्यांचा. अशा वेळी अर्धा किलो खोबऱ्याची पेंड घातली तर नुसतं त्या पेंडीचं पोषण मिळत नाही, आधीचा पेंढाही पचायला लागतो, गाय पेंढा जास्त खाते. प्रोटीनवर टाकलेला पैसा सगळ्यात जास्त वसूल होतो तो इथं, दहा लिटरवालीच्या कांडीच्या सहाव्या किलोवर नाही.

पेंड परवडत नसेल तर कुंपणाचा ग्लिरिसिडिया, पाल्यात वीस टक्क्यांवर प्रोटीन आहे, कापून एक दिवस सुकवून पेंढ्यात मिसळून द्या, पहिले आठ दिवस वासामुळे नखरे करतील, मग खातात. भातानंतर अळसांदे (चवळी) करत असाल तर शेंगा काढल्यावर वेल जाळू नका, सुकवून गंजी घाला, पेंढ्याच्या कितीतरी पट बरा चारा. पेंढ्याला युरिया प्रक्रियाही करता येते, १०० किलो पेंढ्याला ४ किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थरावर थर शिंपडायचा, दाबून, प्लास्टिकने हवाबंद करून तीन आठवडे ठेवायचा, आणि देण्याआधी थोडा वेळ पसरून वास उडू द्यायचा. पण पहिल्यांदा करताना दवाखान्यातल्या डॉक्टरांना उभं करून करा. युरिया पाण्यात घालून किंवा खाद्यावर भुरभुरवून कधीही द्यायचा नाही, गाय तासाभरात मरू शकते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना प्रक्रिया केलेला पेंढाही नको. हे जमवायचं तर फेब्रुवारीतच गंजी बांधून ठेवा, मेच्या शेवटाला प्लास्टिक टाकाल तर वळवाचा पाऊस आत शिरून सगळा पेंढा काळा पडेल.